माफ न करता प्रेम: टेरन्स हेज यांची कविता समजून घेताना

1950 च्या दशकातली गोष्ट. शिकागोच्या साउथ साइड भागात ग्वेंडोलिन ब्रुक्स नावाची कृष्णवर्णीय कवयित्री एका पूल हॉलवरून (पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ) चालली होती. ऐन शाळेच्या वेळेत आत काही मुलं पूल खेळत होती. ब्रुक्स पुढे आपल्या कवितावाचनांत सांगायच्या, की ही पोरं शाळेत का नाहीत असं विचारण्याऐवजी, या पोरांना स्वतःबद्दल काय वाटत असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला. त्यातून झालेली कविता 1959 साली 'पोएट्री' मासिकात छापून आली. नाव 'वी रिअल कूल'. ओळी आठ, शब्द 24.

'गोल्डन शव्हल' नावाच्या अड्ड्यावरची सात मुलं या कवितेत बोलतात. आम्ही जाम भारी. आम्ही शाळा सोडली. आम्ही रात्री उशिरापर्यंत दबा धरून असतो. आमचा फटका सरळ बसतो. अशी एकेक फुशारकी मारत कविता पुढे जाते आणि 'आम्ही लवकर मरतो' इथे येऊन थांबते. ब्रुक्स यांनी एक साधी करामत केली. पहिल्या वाक्यानंतरच्या प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द 'वी', म्हणजे 'आम्ही', त्यांनी आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवला. त्यामुळे वाचणारा प्रत्येक 'आम्ही'पाशी अडखळतो. हा 'आम्ही' हलक्या आवाजात म्हणायचा, असं त्या सांगत, कारण या मुलांना आपण आहोत याचीच नीट खात्री नाही. सात ओळी 'आम्ही'वर संपतात. आठवी संपते 'लवकर' या अर्थाच्या शब्दावर, आणि तिच्यापुढे 'आम्ही' येत नाही.

जवळपास पन्नास वर्षांनी टेरन्स हेज या कवीने हे 24 शब्द उचलले आणि त्यांच्यावर स्वतःची कविता उभी केली. आजच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय असणं म्हणजे काय, हे ज्यांना कवितेतून समजून घ्यायचं आहे, त्यांनी हेज यांच्यापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. त्यांची कविता पहिल्या वाचनात अवघड वाटते. संदर्भ भराभर येतात, शब्दांचे खेळ सुटतात, कोण कुणाशी बोलतंय तेही कळत नाही. पण ती उघडण्याच्या किल्ल्या आहेत, आणि त्या एकदा हातात आल्या की वाट सापडते.

आधी माणसाची थोडी ओळख. जन्म 1971, साउथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया इथला. गुलामगिरी टिकवण्यासाठी 1860 साली संघराज्यातून सर्वांत आधी बाहेर पडलेलं राज्य ते हेच. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैन्याचा झेंडा या राज्याच्या विधानभवनाच्या घुमटावर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 2000 सालापर्यंत फडकत होता, आणि त्यानंतर 2015 पर्यंत आवारात होता. कृष्णवर्णीय मुलाने शाळेत जाता-येता राजधानीत बघायचं ते हे. हेज बास्केटबॉलच्या जोरावर कॉलेजात गेले आणि तिथे चित्रकला शिकले. पुढे पिट्सबर्गला कवितालेखनाचं पदव्युत्तर शिक्षण, मग प्राध्यापकी. 'लाइटहेड' या संग्रहाला 2010 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, 2014 साली मॅकआर्थर फेलोशिप. चित्रकाराचा हात त्यांनी अजून सोडलेला नाही, अलीकडच्या पुस्तकांत त्यांची स्वतःची रेखाटनंही असतात.

दुसऱ्याच्या शब्दांवर आपली कविता

मुलाकडून 'वी रिअल कूल' पाठ करून घेत असताना ते शब्द डोक्यात घोळत राहिले, असं हेज यांनी सांगितलं आहे. त्यातून त्यांनी एक नवा रचनाप्रकार काढला. त्याला आता 'गोल्डन शव्हल' हेच नाव पडलं आहे. नियम सोपा आहे: आवडत्या कवीची एक ओळ घ्यायची. तिच्यातला एकेक शब्द क्रमाने आपल्या कवितेच्या एकेका ओळीच्या शेवटी ठेवायचा. मधली सगळी जागा आपली. वाचणाऱ्याने फक्त उजवा काठ वरून खाली वाचला, तर मूळ ओळ जशीच्या तशी मिळाली पाहिजे.

आपल्याकडच्या समस्यापूर्तीशी याचं नातं लगेच जाणवेल. तिथे शेवटचा चरण मिळतो आणि कवीने आधीचा श्लोक रचायचा असतो. इथे एक चरण न मिळता एक अख्खा उभा काठ मिळतो. करून बघितल्याशिवाय याची गंमत कळत नाही, म्हणून तुकोबांच्या 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' या ओळीवर मी चार ओळी रचून पाहतो:

बाल्कनीत दोन कुंड्या, एवढीच राहिली वृक्षवल्ली.
भिंतीपलीकडे कोण राहतं ते ठाऊक नाही आम्हां.
दिवाळीच्या फॉरवर्ड मेसेजांतून तेवढी भेटतात सोयरीं.
सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसतात, रात्री, वाट चुकलेली वनचरें.

ओळी साध्याच आहेत, पण काय घडतं बघा. तुकोबांचे शब्द तेच राहिले आणि त्यांच्या आजूबाजूचं जग पालटलं. तुकोबा जे सुखाने सांगत होते, ते इथे हरवल्याची खूण होऊन उभं राहिलं. जुनी ओळ कुठेही खोडली गेली नाही, आणि नवी कविता तिच्याशी सहमतही झाली नाही. हेज यांना हाच ताण हवा होता.

आता त्यांची कविता. 'द गोल्डन शव्हल' हेच नाव, भाग दोन. पहिल्या भागावर '1981' असं लिहिलं आहे. मुलगा इतका लहान, की बापाचा मोजा घातला तर सगळा हात झाकला जातो. बाप त्याला संध्याकाळी एका अड्ड्यावर नेतो. तिथे 'खरे पुरुष' टेकून उभे असतात, डोळे तांबारलेले. क्यू स्टिक, धूर, बारच्या स्टुलांवर बसलेल्या बायका. ही एक शाळा आहे आणि ती मला अजून माहीत नाही, असं मुलगा म्हणतो. ब्रुक्स यांच्या कवितेतल्या मुलांनी जी शाळा सोडली तिच्या जागी ही दुसरी शाळा आली.

मग कविता आदल्या रात्रीकडे वळते. बाप आणि मुलगा रस्त्यात उभे आहेत आणि समोर एक शेजारी आपल्या पोराच्या तोंडावर मारतो. पोरगा पळत यांच्याकडे येतो. खोटं बोलताना सापडला असेल, किंवा बापाची दारू प्यायला असेल, किंवा आईला वाचवायला मध्ये पडला असेल. कवी तिन्ही शक्यता ओळीने ठेवतो आणि निवाडा करत नाही. बाप मुलाला जॅझबद्दल काहीतरी सांगतो, की कधी कधी संतापातूनही सूर जन्माला येतो. जून उजाडेपर्यंत तो शेजारचा पोरगा तुरुंगात गेलेला असतो. बापाने मुलाला वचन दिलं आहे, की माझं सगळं तुलाच. सगळं म्हणजे काय? ज्याने कुत्रा पुरला ते फावडं. आवडीच्या गाण्याचे शब्द. गंजलेलं पिस्तूल. करकरणारं बायबल. आणि पाप.

ही वारशाची यादी मला या कवितेचं काळीज वाटते. जमीन, घर, बँकेतले पैसे यांतलं काहीही तिच्यात नाही. फावडं आहे आणि ते पुरण्यासाठी वापरलेलं आहे. 'गोल्डन शव्हल' या नावातलं सोनेरी फावडं इथे येऊन साधं, खरं फावडं होतं. आणि गाणं, पाप, जिन, जॅझ, जून, मरण हे ब्रुक्स यांचे सगळे शब्द ठरल्या क्रमाने उजव्या काठावर हजर असतात. मुलगा जे जगतो त्याच्या कडेला आधीच लिहून ठेवलेलं आहे की हे कुठे जाणार. वाचणाऱ्याला तो काठ दिसत असतो. मुलाला दिसत नसतो.

दुसरा भाग '1991'. तोच काठ, तेच 24 शब्द, पण आता ते फुटायला लागतात. पहिला 'वी' हा 'वीकन्ड', म्हणजे दुबळा झालेला, या शब्दाचा तोडलेला तुकडा आहे. 'रिअल' हा 'इथीरिअल' या शब्दाच्या पोटात लपला आहे. 'कूल' हा 'कूलर'मधून मोडून काढला आहे. पहिल्या भागातली सरळ गोष्ट इथे विस्कटते, वाक्यं धापा टाकतात. या दोन तारखांच्या मध्ये अमेरिकेत काय झालं ते माहीत असलं तर अंगावर येतं. 1986 साली तिथे अमली पदार्थांविरुद्ध कायदा झाला. पावडर कोकेन 500 ग्रॅम सापडलं तर जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच क्रॅक कोकेन या त्याच्याच स्वस्त प्रकारासाठी अवघ्या 5 ग्रॅमला. क्रॅक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत जास्त विकलं जायचं, त्यामुळे तुरुंग त्यांच्याच मुलांनी भरत गेले. कवितेत या कायद्याचा उल्लेख नाही. दहा वर्षांत शब्द कसे मोडले, एवढंच ती दाखवते. त्यांचा संबंध मी जोडतो आहे, आणि मला तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

आता प्रश्न येतो तो असा, की दुसऱ्याच्या शब्दांना इतकं धरून राहण्याचा कृष्णवर्णीय ओळखीशी काय संबंध? संबंध खूप खोलवरचा आहे. गुलामांची कुटुंबं विकली जात, आई एका मालकाकडे तर मूल दुसऱ्याकडे. आडनाव अनेकदा मालकाचं. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या. त्यांत वय, लिंग आणि रंग लिहिलेला आहे, नाव जवळपास कुठेच नाही. आजही एखादं कृष्णवर्णीय कुटुंब आपली वंशावळ शोधायला बसलं, की साधारण 1870 च्या जनगणनेपाशी वाट बंद होते. हेज यांच्या स्वतःच्या आयुष्यात याची एक छोटी आवृत्ती आहे: ज्यांनी वाढवलं ते सावत्र वडील, आडनाव त्यांचंच, आणि जन्मदात्या वडिलांची गाठ पडली ती मोठेपणी. अशा माणसाला पूर्वज मिळत नाहीत, ते निवडावे लागतात. कागदावर वंश सापडत नसेल तर कवितेच्या उजव्या काठावर तो उभा करता येतो. ब्रुक्स या हेज यांनी निवडलेल्या आजी आहेत. 1950 साली पुलित्झर पुरस्कार मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ती हीच.

2017 साली ब्रुक्स यांच्या जन्मशताब्दीला केवळ या रचनाप्रकारातल्या कवितांचा एक जाडजूड संग्रह निघाला. आता अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शाळांत मुलं गोल्डन शव्हल लिहितात. एका कवितेतून अख्खा प्रकार रुजावा, हे फार क्वचित होतं.

ज्याने अपमान केला त्याचं काय करायचं

ब्रुक्स हे हेज यांचं आपलं माणूस. त्यांचा वारसा घेणं प्रेमाचं काम आहे. पण अमेरिकी कवितेचा बाकीचा वारसा? तो ज्यांनी घडवला त्यांतले कित्येक जण कृष्णवर्णीयांना माणूस मानत नव्हते. इथे वॉलेस स्टीव्हन्स येतात. हार्टफर्ड शहरातल्या एका विमा कंपनीचे उपाध्यक्ष, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या अमेरिकी कवींपैकी एक. त्यांची भाषा म्हणजे बर्फावर पडलेला उजेड. त्याच स्टीव्हन्स यांनी आपल्या एका कवितेच्या नावात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी सहज वापरली. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा साहित्यवर्तुळात सांगितला जातो. एका पुरस्कार समितीच्या बैठकीत परीक्षकांचा जुना फोटो दाखवला गेला, त्यात ग्वेंडोलिन ब्रुक्स होत्या, आणि स्टीव्हन्स यांनी तशाच एका शिवीने विचारलं, ही कोण?

हेज यांनी 'लाइटहेड'मध्ये 'स्नो फॉर वॉलेस स्टीव्हन्स' ही कविता लिहिली. आजच्या वादांत असं काही बाहेर आलं की दोन टोकं दिसतात. एक म्हणतं त्याची पुस्तकं फेका, दुसरं म्हणतं काळच तसा होता, सोडून द्या. हेज दोन्ही करत नाहीत. ते स्टीव्हन्स यांच्याच आवाजात बोलतात, त्यांच्या टिंक-टँक-टंक अशा नादाची लय घेतात आणि त्या लयीत दारूचे घोट मिसळतात. ती शिवी असलेलं कवितेचं नावही स्वतःच्या ओळीत ठेवतात, झाकत नाहीत. मग विचारतात, स्वतःच्या मर्यादांहून मोठा कोण नसतो? आणि सांगतात, की भाषेवरचा विश्वास उडाल्यावर मी भाषेवरच विश्वास ठेवला, म्हणून माझ्यात एक ताकद आहे: माफ न करता प्रेम करण्याची. स्टीव्हन्स यांना ते 'माझा शत्रू' म्हणतात आणि हे गाणं त्यांच्यासाठीच आहे, असंही म्हणतात.

माफ न करता प्रेम. हेज यांच्या सगळ्या कवितेची मोठी किल्ली मला इथे सापडते. आपण सहसा मानतो की प्रेम असेल तर माफी येतेच, आणि माफी नसेल तर द्वेष. अमेरिकी संस्कृतीशी कृष्णवर्णीय माणसाचं नातं या दोन खणांत मावत नाही. भाषा तीच, संगीत बरंचसं त्यांनीच दिलेलं, देश त्यांच्याच श्रमावर उभा राहिलेला, आणि तोच देश त्यांना मारतोही. प्रेम खरं आहे आणि हिशोबही बाकी आहे. हेज यांना यातलं एकही खोडायचं नाही.

सत्तर सुनीतं, एकच नाव

नोव्हेंबर 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या 200 दिवसांत हेज सुनीतं लिहीत गेले. 2018 साली पुस्तक आलं: 'अमेरिकन सॉनेट्स फॉर माय पास्ट अँड फ्यूचर असॅसिन'. माझ्या भूतकाळातल्या आणि भविष्यातल्या मारेकऱ्यासाठी अमेरिकी सुनीतं. एकूण 70 कविता, 14-14 चे पाच भाग, प्रत्येक कविता 14 ओळींची, आणि सत्तरही कवितांचं नाव अगदी तेच.

सुनीत आपल्याला परकं नाही, केशवसुतांपासून मराठीत ते लिहिलं गेलं आहे. चौदा ओळी, आणि कुठेतरी एक वळण, जिथे विचार कूस बदलतो. एरवी हा प्रेमकवितेचा नाजूक साचा मानला जातो. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवींनी तो फार आधी हातात घेतला होता. 1919 च्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टन आणि इतर कित्येक गावांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले, तेव्हा क्लॉड मॅके यांनी 'मरायचंच असेल तर डुकरांसारखं नको' असं सांगणारी कविता लिहिली, आणि तीही सुनीतात. ब्रुक्स यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांवर सुनीतं लिहिली. 'अमेरिकन सॉनेट' हे नाव मात्र लॉस एंजेलिसच्या वांडा कोलमन यांचं. त्यांनी यमक टाकलं, वृत्त सैल केलं, जॅझसारखी उत्स्फूर्त लय आणली. त्या गरिबीत जगल्या आणि 2013 साली वारल्या. जिवंतपणी त्यांना हवा तेवढा मान मिळाला नाही, असं मला वाटतं. हेज यांनी आपलं पुस्तक त्यांच्या ओळीने सुरू केलं, आणि 2020 साली त्यांच्या निवडक कवितांचं संपादन केलं. पूर्वज निवडणं त्यांच्यासाठी शब्दांपुरतं नाही, हे यावरून कळावं.

पुस्तकातलं अगदी पहिलं सुनीत मला सर्वांत जास्त आवडतं. सुरुवातीला ते म्हणतं, की माझं शतक लँग्स्टन ह्यूज हे कृष्णवर्णीय कवी किंवा फिलिस व्हीटली यांच्यापासून सुरू झालं असं म्हणायला कृष्णवर्णीय कवीला आवडलं असतं. व्हीटली म्हणजे गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेली आणि 1773 साली स्वतःचा कवितासंग्रह छापून आलेली मुलगी. पण खरं तर ते सुरू झालं सगळ्या विक्षिप्त, चिंतातुर, रडक्या, दारुड्या कवींपासून. मग अमेरिकी कवयित्री सिल्व्हिया प्लाथ येतात, मग ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस. ऑर्फियसने प्रेयसीला एक चित्र पाठवलं: डोळा काढला आणि त्यावर फुली मारली. त्याला म्हणायचं होतं, तुझ्याशिवाय मी आंधळा आहे. तिने वाचलं, तुझं तोंड बघायची इच्छा नाही. आणि शेवटची ओळ म्हणते, कदाचित त्याला तेही म्हणायचं असेल. एका फुलीचे दोन अर्थ, दोन्ही खरे. पुढची 69 सुनीतं कशी वाचायची याची ही शिकवणी आहे. मारेकऱ्याला लिहिलेलं पत्र प्रेमपत्रही असू शकतं.

आणि मारेकरी कोण? हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो आणि त्याला एक उत्तर नाही. कधी तो राष्ट्राध्यक्ष आहे, कधी गोरा वर्णद्वेष, कधी काळ, कधी कवीचा स्वतःचाच एखादा भाग. एका सुनीतात कवी त्याला म्हणतो: मी तुला या अमेरिकी सुनीतात कोंडतो. हे सुनीत अर्धं तुरुंग आहे, अर्धी जीव वाचवायला लपण्याची कोठडी, पेटलेल्या घरातली एक छोटी खोली. चौदा ओळींच्या चौकोनाचं हे वर्णन विलक्षण अचूक आहे. कोंडणारा आणि लपणारा दोघेही एकाच खोलीत आहेत आणि घर दोघांचंही जळतंय.

त्याच कवितेत कवी मारेकऱ्याला म्हणतो, मी तुला इथे 'जिम' आणि 'क्रो' दोन्ही करतो. जिम म्हणजे व्यायामशाळा, क्रो म्हणजे कावळा. पण दोन्ही एकत्र ऐकले की 'जिम क्रो' होतं. 1830 च्या सुमारास एक गोरा नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर एका कृष्णवर्णीय पात्राची टिंगल करायचा, त्या पात्राचं हे नाव. पुढे ते चिकटलं दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना, ज्यांनी 1960 च्या दशकापर्यंत शाळा, बस, पाण्याचे नळ, सगळं गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळं ठेवलं. हेज ते नाव मोडून मारेकऱ्यालाच व्यायामशाळा करतात आणि त्यालाच तिच्यात अडकलेला पक्षी करतात. कवितेचा शेवट असा, की तुझ्यावर प्रेम करणं पुरेसं नाही, आणि तुझा नाश व्हावा असं वाटणंही पुरेसं नाही. स्टीव्हन्सच्या कवितेतली तीच ताकद इथे आणखी कडक होऊन येते.

दुसऱ्या एका सुनीतात गावांची नावं ओळीने येतात. सॅनफर्डमध्ये काहीतरी झालं. फर्ग्युसनमध्ये झालं, ब्रुकलिनमध्ये, चार्ल्सटनमध्ये. शिकागोत, क्लीव्हलंडमध्ये, बाल्टिमोरमध्ये. या देशात जवळपास सगळीकडे, रोज होतं. काय झालं ते कवी सांगत नाही, कारण अमेरिकी वाचकाला सांगावं लागत नाही. आपल्यासाठी सांगतो. सॅनफर्डमध्ये 2012 साली 17 वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाने गोळी घातली. फर्ग्युसनमध्ये 2014 साली 18 वर्षांच्या मायकल ब्राउनला पोलिसाने मारलं. क्लीव्हलंडमध्ये त्याच वर्षी खेळण्यातली बंदूक हातात असलेल्या 12 वर्षांच्या टमीर राइसला पोलिसाने मारलं. चार्ल्सटनमध्ये 2015 साली चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने मारलं. हेज यांच्या राज्याच्या विधानभवनासमोरचा तो झेंडा उतरला तो या हत्याकांडानंतर.

गावाचं नुसतं नाव घेतलं की अंगावर काटा येणं महाराष्ट्राला ठाऊक आहे. खैरलांजी म्हटलं, रमाबाई नगर म्हटलं, की पुढे बोलायची गरज नसते. हा धागा ओढूनताणून आणलेला नाही. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. दलित लेखकांनी आणि अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्य मराठीत आणलं, त्यावर बोलले, वाद घातले. त्यामुळे मराठी वाचकाकडे या कवितेला भिडण्याची तयारी इतरांपेक्षा जास्त आहे.

पण त्या तयारीतच एक अडचणही आहे. कृष्णवर्णीय कविता म्हणजे विद्रोह, घोषणा, जळजळीत शब्द, एवढीच अपेक्षा घेऊन हेज यांच्याकडे गेलात तर गोंधळायला होईल. हेज संतापलेले असतानाही खेळतात. एका सुनीतात ते म्हणतात: आपल्याला किळस येते असा नेता असणं म्हणजे काय ते आता कळलं, राष्ट्राध्यक्ष कृष्णवर्णीय असताना वर्णद्वेषी हेच म्हणत होते आणि आता मीही म्हणतोय. किती अवघड गोष्ट आहे ही. समोरच्याशी असलेलं आपलं साम्य ते लपवत नाहीत, आणि त्यामुळे दोघे सारखेच असंही म्हणत नाहीत. जॅझ, बास्केटबॉल, जुने सिनेमे, ग्रीक देव, रॅप, बायबल, हे सगळं एकाच ओळीत येतं, कारण कृष्णवर्णीय माणूस हे सगळं जगतो. फक्त दुःख म्हणजे त्याची ओळख, ही कल्पनाच त्यांना मान्य नाही.

माझी एक तक्रार आहे. सत्तर सुनीतं सलग वाचली तर दमायला होतं. काही कवितांत शब्दखेळ इतका सुसाट सुटतो की मुद्दा मागे राहतो. म्हणून ती रोज एक, मोठ्याने वाचावीत. ही कविता कानासाठी आहे, डोळ्यांनी वाचताना तिचा अर्धा अर्थ हातून निसटतो.

सुरुवात करायची तर पोएट्री फाउंडेशनच्या वेबसाइटवर 'वी रिअल कूल' आणि 'द गोल्डन शव्हल' दोन्ही कविता मोफत वाचायला मिळतात. आधी ब्रुक्स यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ऐका, त्यांचा 'वी' कसा दबका, जवळजवळ गिळलेला येतो ते नीट ऐका. मग हेज यांची कविता घ्या आणि पहिल्या फेरीत फक्त उजवा काठ वाचा, वरून खाली. दुसऱ्या फेरीत पूर्ण कविता. '1991'च्या भागात शब्द सापडले नाहीत तर पेन्सिल घ्या, तोडलेल्या शब्दांत ते लपलेले आहेत. सुनीतं त्यानंतर.